मोंढ्यातला आवाज आणि पाटीवरचं इंग्रजी

माझा आवाज ज्यांनी त्याच्या ऐन भरात ऐकला नाही, त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी सोळा वर्षं हर्रास पुकारला. हर्रास म्हणजे लिलाव. ज्वारीचा ढीग, भोवती खरेदीदारांचं कोंडाळं आणि मध्ये मी: डोक्याला उपरणं, गालात जर्दा, एक हात आभाळात. मी ‘एकवार’ म्हटलं की गाडीचे बैल कान टवकारायचे. ‘दोनवार’ला शेजारच्या हॉटेलातला चहा उतू जायचा. आणि ‘तीनवार’ मी असा लांबवायचो की मानवत रोड स्टेशनवरच्या माणसांना वाटावं, गाडी आली. स्टेशन गावापासून दोन-अडीच कोस लांब आहे, ही गोष्ट सांगताना मी शक्यतो गाळतो.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घशात सध्या काही अडकलेलं असेल, गाठ असेल, भीती असेल किंवा दोन्ही असतील, तर हे त्याच्यासाठी आहे. औषधांची नावं मला आठवत नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. भीतीचं मात्र मला विचारा. त्या मालाची पारख मला चांगली झालेली आहे.

*

दुष्काळाची सालं उलटली आणि मोंढ्यात पुन्हा माल भरून यायला लागला, तेव्हाची ही गोष्ट. माल वाढला तसं माझं ओरडणं वाढलं. घसा आधी खरखरला, मग बसला, मग उठलाच नाही. ज्येष्ठमध चघळून झालं. मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं दूध झालं. सोनपेठच्या आठवडी बाजारातून एका हमालाने एक काळी गोळी आणून दिली. ती कशाची होती हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मी तीही गिळली. जर्दा तेवढा सोडला नाही. एवढ्या आजारपणात घशाला कोणाची तरी सोबत नको का?

माझी बायको गौरा रोज सकाळी एकच वाक्य म्हणायची, “परभणीला दाखवून येऊ.” मी रोज एकच उत्तर द्यायचो, की हंगाम संपू दे. हंगाम हे निमित्त होतं. आमच्या गल्लीत तेलाचा एक व्यापारी होता. त्याचाही घसा असाच बसला होता. सहा महिन्यांत तो गेला. आमच्या घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि नाव कोणी काढत नाही म्हणजे सगळ्यांना तोच आठवतोय, हे मला पक्कं कळत होतं.

तीन महिने असे गेले. मग एक दिवस भर मोंढ्यात, पिवळ्या ज्वारीच्या एका सुंदर ढिगापाशी, मी ‘एकवार’ म्हणालो, ‘दोनवार’ म्हणालो, आणि तिसऱ्याला तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. नुसती हवा बाहेर आली, फुटक्या भात्यातून यावी तशी. खरेदीदार हसले. त्यांना वाटलं, अप्पाचं नवीन नाटक आहे. मीही ते नाटकच करून टाकलं. हात गरकन फिरवला, खरेदीदाराकडे बोट केलं, कमरेत वाकून मुजरा केला. टाळ्या पडल्या. मग मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसलो. मळायला घेतलेला जर्दा सगळा धुळीत सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराने वाक्य म्हणण्याआधीच मी मान डोलावली.

*

परभणीच्या त्या दवाखान्यात घशाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच बसायचे. तरुण माणूस. कपाळाला गोल आरसा बांधलेला. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, दिव्यावर गरम केलेला एक लहान आरसा घशात घातला आणि म्हणाले, “ई म्हणा.”

सोळा वर्षं मोंढा गाजवणाऱ्या माणसाला ई म्हणता आलं नाही. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मला आत काय आहे ते दिसत नव्हतं; मला फक्त त्यांच्या भुवया दिसत होत्या. आजारी माणसाला एक कला आपोआप येते, डॉक्टरांच्या भुवया वाचायची. त्या दिवशी त्या हळूहळू जवळ आल्या आणि तिथेच थांबल्या.

आवाजाच्या पडद्यावर गाठ होती. ती काढून तपासायला औरंगाबादला पाठवायची. तपासणीचा कागद आला की कळेल. काय कळेल, ते त्यांनी सांगितलं नाही. गौराने विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण आवाज नव्हता, आणि त्या क्षणी ती मोठी सोय वाटली.

मग डॉक्टरांनी पाढा वाचला. तंबाखू बंद. तिखट बंद. शिवाय आजपासून कागद येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. मी हातांनी मोंढा दाखवला, ढीग दाखवले, आभाळाकडे हात केला. तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “अप्पा, इंग्रजीत म्हणतात, चेंज ऑर पेरिश. बदला, नाहीतर संपाल.”

माझं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. इंग्रजी आमच्या वाट्याला आलं ते स्टेशनच्या पाटीपुरतं. पण या वाक्याला काय ठेका होता! चेंज ऑर पेरिश. जणू हर्रासाचाच पुकारा. मला ते फार आवडलं. पुढे मला वाटायला लागलं की मी मुद्दामच ते आवडून घेतलं. वाक्याकडे बघत राहिलं की ते कशाबद्दल आहे याकडे बघावं लागत नाही.

*

मला तिथेच भरती करून घेतलं. दवाखान्यासमोरच्या दुकानातून गौराने एक पाटी आणि पेन्सिल आणली. पोरं पहिलीत जाताना घेतात ती, लाकडी चौकटीची. पाटीवर मी सगळ्यात आधी काय लिहिलं असेल? बरोबर. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, खाली दुहेरी रेघ मारून.

आणि मग मी सुटलो. वॉर्डात सकाळी चहावाला यायचा. त्याचा चहा इतका पातळ की कपाचा तळ वाचता यावा. त्याच्यासमोर पाटी धरली: चेंज ऑर पेरिश. झाडूवाला खाटेखालचा कचरा शेजारच्या खाटेखाली ढकलायचा. त्यालाही तेच. आमच्या वॉर्डाची कमलसिस्टर येलदरीकडची, पस्तिशीची, चालताना सपाता न वाजवणारी. तिने मला सुई टोचायच्या आधी पाटी वाचली आणि म्हणाली, “हे सुईला सांगू की तुम्हाला?” त्यानंतर तिच्यापुढे पाटी धरायचं धाडस मी केलं नाही.

शेजारच्या खाटेवर खंडूजी होता. तोही येलदरीचाच, धरणावर मासे धरणारा. तळहातात गळ रुतून त्याचा हात भोपळ्यासारखा सुजला होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. त्यामुळे आमच्या गप्पा फार रंगायच्या. मी पाटीवर काहीतरी लिहायचो, तो ती उलटीसुलटी बघायचा आणि स्वतःच उत्तर देऊन टाकायचा.

“अप्पा, तुमी कायबी बोलू नका,” तो मला रोज बजावायचा. “मी हाय ना बोलायला. हात सुजलाय, तोंड न्हाई.”

आणि मग मासे कसे धरतात, कसे चिरतात, कशात तळतात याचं साग्रसंगीत वर्णन. आमच्या घरी सात पिढ्यांत कोणी मासा शिवलेला नाही. मी लिंगायत माणूस, कानांवर हात ठेवून बसायचो. त्याला वाटायचं कान दुखायलेत. मग तो जवळ सरकून मोठ्याने बोलायचा.

हसू नका म्हणत नाही. मीही हसायचो, आवाज न करता, पोट धरून. पण दुपारी जेवणाच्या डब्यांची खडखड थांबली की वॉर्ड एकदम शांत व्हायचा. तेव्हा मी पाठमोरा वळून गळा चाचपायचो. इथे डावीकडे काही लागतंय का? काल एवढंच होतं का? गिळताना दुखलं, ते खरंच दुखलं की मला वाटलं? दिवसातून वीस वेळा मी स्वतःचा गळा तपासत होतो आणि दर वेळी वेगळा निकाल येत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना मला दिसायचा. मोंढ्यात असताना दिवस कधी मावळला ते कळत नसे.

*

गाठ काढायच्या आदल्या सकाळी गौरा आणि माझी माय डबा घेऊन आल्या. परभणीत माझ्या मावसभावाकडे दोघी उतरल्या होत्या. माय सत्तरीची, कानाने थोडी कमी, निश्चयाने भरपूर. तिने पहिल्याच दिवशी कमलसिस्टरला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनावावरून तिला कळायचं ते कळलं. सिस्टरचं घर बौद्ध होतं. तेव्हापासून माय वॉर्डातलं पाणी पीत नसे, घरून तांब्या आणत असे. सिस्टरला ते दिसत होतं. तिने कधी काही म्हटलं नाही. मलाही दिसत होतं. मला तर बोलायची बंदीच होती, आणि पाटीवर तेवढी जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या सकाळी सिस्टरने सांगून टाकलं की उद्या गळ्यात काहीही चालणार नाही. दोरा नको, साखळी नको, काही नको.

माझ्या गळ्यात लिंग होतं. रेशमी दोऱ्यात, चांदीच्या डबीत. आठव्या वर्षी स्वामींनी बांधलं तेव्हापासून रोजच्या पूजेपुरतं ते हातावर घ्यायचं आणि पुन्हा गळ्यात, एवढंच. लिंग अंगावेगळं झालं म्हणजे माणूस संपला, असंच आम्ही ऐकत वाढलो. मायने ऐकलं आणि ती खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, “मग न्हाई करायचं ते ऑपरेशन.”

मी पाटीवर लिहून सिस्टरला दाखवलं: आईची तयारी नाही. उद्या नको.

आता खरं सांगतो. आईचं नाव पुढे केलं, भीती माझी होती. मला वाटत होतं, लिंग उतरवलं आणि मी त्या टेबलावरून उठलोच नाही, तर? किंवा उठलो आणि कागद वाईट आला, तर? मायच्या पदराआड लपायला मला सेहेचाळिसाव्या वर्षीही जमत होतं.

सिस्टर म्हणाली, उद्या टळलं तर डॉक्टर पुन्हा चार दिवसांनी येतील, गाठ थांबणार नाही. एवढं बोलून ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

तेव्हा गौराने माझ्या हातातून पाटी घेतली. गौराचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिने आजवर पाटीला हात लावला नव्हता. तिला बोलता येत होतं, तिला काय गरज? पण समोर सासू, आजूबाजूला वीस अनोळखी माणसं. आमच्याकडे बायका अशा ठिकाणी जे बोलत नाहीत, ते तिने लिहिलं. मान खाली घालून, हळूहळू, एकेक अक्षर गिरवत. मग पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

मला लय भीती वाटायलीय.

चोवीस वर्षांच्या संसारात तिने मला असं काही सांगितलं नव्हतं. कदाचित सांगायला गेली असेल, पण मी बोलत असेन. मी ती अक्षरं वाचली. आणि मी काय करावं? भीती समोर आली की मी जे आयुष्यभर करत आलो तेच केलं. पेन्सिल घेतली, तिच्या अक्षरांखाली झोकात लिहिलं, ‘चेंज ऑर पेरिश’, दुहेरी रेघ मारली, आणि हर्रासात करतो तसा हात गरकन फिरवून पाटी तिच्यासमोर धरली.

खंडूजी हसला. तिने वाचलं. मग पदराच्या टोकाने पाटी पुसली. माझं वाक्य पुसलं, तिचंही पुसलं, चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. पाटी उशापाशी ठेवली, रिकामा डबा पिशवीत घातला आणि मायला हाताला धरून निघून गेली.

त्यानंतर तिने त्या पाटीला पुन्हा हात लावला नाही.

*

दुपारी मी सिस्टरला बोलावून लिहिलं: उद्याच करा. लिंगाचं बघू. कशामुळे लिहिलं, ते विचारू नका. पुसलेल्या पाटीकडे बघत मी तीन तास काढले होते, एवढं सांगतो.

सकाळी सिस्टरने तिच्या बुद्धीने तोड काढून ठेवली होती. आमच्याकडे पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावर घेतात, हे तिने खंडूजीकडून की आणखी कोणाकडून ऐकलं होतं. मला चाकाच्या खाटेवर आडवं केलं होतं. तिने माझ्या समोर हात धुतले, डबी मला माझ्या हातानेच उतरवायला लावली, डाव्या तळहातात ठेवली, बोटं मिटवली आणि वरून पट्टी गुंडाळली. म्हणाली, “आता कुठेही जात नाही ते.”

तेवढ्यात माय आणि गौरा दारातून आत आल्या.

मायने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. सिस्टरला कळेना काय झालं. मला कळलं. पूजेला लिंग हातावर घेतो ते बसून, जिवंतपणी, सकाळच्या प्रहरी. डोळे मिटलेल्या माणसाच्या डाव्या हातात लिंग ठेवून वर बांधून टाकतात ते एकदाच. मेल्यावर त्याला समाधीत बसवून पुरताना. माझ्या वडिलांना तसं बसवलेलं मी पाहिलं होतं. मायने पाहिलं होतं.

मी उठून बसायला लागलो. फरशीवर तांब्यातलं पाणी, अंगात दवाखान्याचा झगा, हाताला पट्टी. तिथून मी पळालोही असतो. मायने माझ्या छातीवर हात ठेवला. मला वाटलं, ती मला घरी नेणार. ती वळली सिस्टरकडे.

“सोड ते,” ती म्हणाली. “हातात नगं, बाई. दंडाला बांध. उजव्या. जित्या माणसाचं दंडाला बांधतेत.”

अशी रीत कुठे आहे, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. मायने ती त्याच घडीला काढली असं मला वाटतं. सिस्टर बाजूला होऊन म्हणाली, “आजी, तुम्हीच बांधा.”

मायने बोटं पुढे केली. गाठ बसेना. दोनदा डबी घसरली. तेव्हा ती सिस्टरला म्हणाली, “तूच बांध. तुझा हात हलका हाय. पर सैल नगं.”

कमलसिस्टरने बांधलं. मायने गाठ ओढून बघितली. मग खाली पडलेला तांब्या उचलून सिस्टरच्या हातात दिला आणि म्हणाली, भरून आण. मायला माझ्या पाटीवरच्या इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

खाट हलली. गौरा दाराशी उभी होती. तिचा चेहरा कोरडा होता. मी तिच्याकडे हात केला. पण हात करून काय सांगायचं होतं, हे मला ठरवता आलं नाही, आणि दार बंद झालं.

*

कागद यायला चौदा दिवस लागले. ज्यांना कोणाला असे दिवस काढायचे असतील त्यांना एवढंच सांगतो की ते चौदा नसतात. प्रत्येक पाऊल दाराशी वाजलं की तो एक वेगळा दिवस असतो. पोस्टमन दवाखान्यात कधी येतो, डॉक्टरांची गाडी कुठे लागते, कारकून कुठल्या रंगाचे लखोटे हातात घेऊन फिरतो, हे सगळं मला पाठ झालं. हातात पिवळा लखोटा दिसला की मी खाटेवर उठून बसायचो. तो दुसऱ्याचा निघाला की हायसं वाटायचं, आणि लगेच लाज वाटायची.

तेलाचा व्यापारी रोज येऊन माझ्या पायथ्याशी बसायचा. म्हणजे माझ्या मनात.

चांगलंही काही घडलं. खंडूजीचा हात उतरला, जाताना तो माझ्यासाठी दोन मोसंब्या ठेवून गेला आणि म्हणाला, “अप्पा, तुमच्यासारखा ऐकणारा माणूस मला आजवर भेटला न्हाई.” हे वाक्य मी मानवतला कोणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतात. माय सिस्टरच्या हातचं पाणी प्यायला लागली.

गौरा रोज येत होती. डबा उघडायची, भात कालवायची, माझी उशी ठीक करायची. मी पाटीवर लिहिलं, रागावलीस? तिने मान हलवली, नाही. मी लिहिलं, भात छान. तिने मान हलवली. खरं जे लिहायचं होतं ती फक्त तीन अक्षरं होती. रोज पेन्सिल हातात घ्यायचो. रोज वाटायचं, पाटीवरचं पुसता येतं, कोणीही पुसतं, मीही पुसेन. हे पाटीवर नको.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर कागद होता. मी त्यांच्या भुवया बघत होतो. त्या जागच्या जागी होत्या. आणि तरीही मला विश्वास बसेना.

“कॅन्सर नाही,” ते गौराकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पण तंबाखू पुन्हा तोंडात घातलीत तर पुढची हमी मी देत नाही. आता बोला. हळू. पहिले आठ दिवस, दिवसाला दहा शब्द. त्यापेक्षा जास्त नाही.”

गौराने पदर तोंडाला लावला होता. माय दाराबाहेरून विचारत होती, काय म्हणले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात याहून भरलेला प्रयोग मला मिळाला नव्हता.

मी पाटी घेतली आणि लिहिलं: उद्या.

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. तोंड उघडेन आणि आत पुन्हा नुसती हवा असेल, अशी मला धास्ती होती. जोवर बोललो नाही तोवर आवाज आहे, असं समजता येत होतं.

*

आवाजाचं काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

आवाज आला. पण तो माझा नाही. बारीक, खरबरीत, दुसऱ्या कोणाचा तरी उसना घेतल्यासारखा. दोन महिन्यांनी मी मोंढ्यात गेलो. सगळ्यांनी हौसेने मला ढिगापाशी उभं केलं. मी पुकारा केला आणि तो समोरच्या ओळीपलीकडे कोणालाच गेला नाही. माझ्या डोक्यावरून दोघा खरेदीदारांनी परस्पर सौदा करून टाकला. मी हात फिरवला, मुजरा केला, टाळ्या पडल्या, आणि त्या दिवशी मी ते काम सोडलं. आता एक तरुण पुकारतो. त्याचं ‘तीनवार’ फारच आखूड आहे. मी त्याला सांगत नाही. मी मालाची प्रत बघायचं काम करतो. ज्वारी मुठीत घ्यायची, फुंकायची, दाताखाली घालायची. त्याला आवाज लागत नाही. त्या तरुणाचा आवाज ऐकू आला की सकाळी थोडा वेळ जड जातं, हे खोटं कशाला सांगू? जर्दा सोडला. शेंगदाणे खातो. पोट सुटलं आहे.

बोलायचं कमी झालं म्हणून लिहायला लागलो. हे तुम्ही वाचता आहात ते त्याच पाटीचं वाढलेलं रूप.

एक सांगायचं राहिलं, पहिला शब्द.

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. मानवत रोडला उतरलो, एसटीला अजून तास होता. माय सामानावर बसल्या बसल्या पेंगायला लागली. लिंग पुन्हा माझ्या गळ्यात होतं. दंडावर दोऱ्याचा वळ तेवढा राहिला होता. गौरा फलाटाच्या कडेला लिंबाखाली उभी राहून रुळांकडे बघत होती. पाटी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. घसा खाकरायला मनाई होती. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मागे बांधले.

“मलाबी,” मी म्हणालो.

तिने चमकून बघितलं. आवाजाकडे बघितलं असावं आधी. तो ओळखीचा नव्हता. मग तिला अर्थ लागला. तिच्या डोळ्यांत तो लागताना मला दिसला. सतरा दिवसांपूर्वीच्या पुसलेल्या पाटीपर्यंत जाऊन ती परत आली. मग तिने मान फिरवली, पुन्हा रुळांकडे.

“ऐकू न्हाई आलं,” ती म्हणाली.

“मलाबी.”

“गाडीचा आवाज हाय.”

रुळांवर कुठेही गाडी नव्हती. लांब एक मालगाडीचा डबा उभा होता, तोही सुटा. तिच्या ओठांचा कोपरा हलत होता आणि डोळे भरले होते. ज्या बाईला मी चोवीस वर्षं बोलू दिलं नाही, ती आता मला बोलायला लावत होती. दहातले दोन शब्द खर्च झाले होते. मोंढ्याचा नियम तिलाही माहीत होता: तिसऱ्या पुकाऱ्याशिवाय सौदा पक्का होत नाही.

मी हात फिरवला नाही. मुजरा केला नाही. तिच्या कानापाशी वाकलो आणि तिसऱ्यांदा म्हणालो.